तात्पुरत्या नोंदणीपासून कायम नोंदणीपर्यंत: इंटर्न आणि त्यांच्या वरिष्ठांचे वारंवार येणारे प्रश्न

हे पान एमबीबीएसनंतर महाराष्ट्रात इंटर्नशिप करणाऱ्यांसाठी आहे. त्यांच्या लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामाच्या वहीवर, सही करणारे युनिटप्रमुख, प्राथमिक आरोग्य केंद्राचे मेडिकल ऑफिसर आणि रात्रभर त्यांच्यासोबत जागणारे रेसिडेंट (पदव्युत्तर शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर) यांच्यासाठीही ते तितकंच आहे. प्रश्न दोन्ही बाजूंनी येतात. इंटर्न विचारतात, ‘सही कधी मिळेल?’ वरिष्ठ विचारतात, ‘सही कशाच्या जोरावर करू?’ म्हणून दोघांची उत्तरं एकाच ठिकाणी दिली आहेत.

१. प्रोव्हिजनल आणि परमनंट रजिस्ट्रेशन यात नेमका फरक काय?

तात्पुरती नोंदणी इंटर्नशिपपुरती असते. ती तुम्हाला मान्यताप्राप्त संस्थेत, कुणाच्या तरी देखरेखीखाली रुग्ण तपासायची मुभा देते. स्वतःच्या जबाबदारीवर व्यवसाय करायची मुभा ती देत नाही. कायम नोंदणी झाली की तुमचं नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत येतं आणि तिथून पुढे तुमच्या निर्णयाला तुम्ही जबाबदार. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ मधलं कलम ३४ हा फरक स्पष्ट करतं: नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीला वैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. तो केला तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

२. निकाल लागला, कॉलेजने पोस्टिंगही दिली, पण प्रोव्हिजनल अजून आलेली नाही. कामाला सुरुवात करू का?

करू नका. नोंदणीच्या आधी भरलेले दिवस इंटर्नशिपमध्ये धरले जातील अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. शिवाय त्या दिवसांत वॉर्डात काही झालं, तर तुम्ही तिथे कोणत्या नात्याने होतात, हा प्रश्न उभा राहतो. अर्ज निकाल लागताच करा. वरिष्ठांनाही विनंती आहे: पहिल्या दिवशी नाव लिहून घेताना तात्पुरत्या नोंदणीचा क्रमांकही लिहून घ्या.

३. बारा महिन्यांत कुठे किती काळ काढायचा असतो?

१८ नोव्हेंबर २०२१ च्या राजपत्रात आलेल्या सक्तीच्या फिरत्या इंटर्नशिपच्या नियमांत आठवडे ठरवून दिले आहेत. सर्वांत मोठा वाटा कम्युनिटी मेडिसिनचा (सामाजिक आरोग्याचा), १२ आठवडे. स्त्रीरोग व प्रसूतीला ७, मेडिसिन आणि सर्जरीला प्रत्येकी ६, बालरोगाला ३. बाकीचे विभाग आणि इलेक्टिव्ह (आवडीने निवडायचे विषय) उरलेल्या आठवड्यांत येतात. तुमच्या बॅचचा तक्ता कॉलेजकडून लेखी घ्या.

४. इंटर्न म्हणून मी कशावर सही करू शकतो आणि कशावर नाही?

रात्री दोन वाजता केस पेपर पुढे सरकवून कुणी ‘कर रे सही’ म्हणतं, तेव्हा हे उत्तर आठवलं पाहिजे. नियम स्पष्ट आहे: इंटर्नने स्वतःच्या सहीने वैद्यकीय प्रमाणपत्र, मृत्यूचं प्रमाणपत्र किंवा कोणताही मेडिकोलीगल (पोलीस किंवा कोर्टाच्या कामाचा) कागद द्यायचा नाही.

म्हणजे आजारपणाच्या रजेचा दाखला नाही. फिटनेस नाही. मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४ नाही. अपघाताच्या किंवा मारहाणीच्या केसमधलं इंजुरी सर्टिफिकेट नाही. गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या वेळी कायद्याने भराव्या लागणाऱ्या फॉर्म एफमधली माहिती भरायला तुम्ही मदत केलीत, तरी सही सोनोग्राफी करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. गर्भपाताच्या कागदांचंही तसंच, कारण १९७१ च्या कायद्यात तो अधिकार ठरावीक पात्रतेच्या नोंदणीकृत डॉक्टरलाच आहे.

काय करता येतं? हिस्टरी (पेशंटने सांगितलेली आजाराची हकिगत) आणि तपासणीच्या नोंदी लिहिता येतात. त्याखाली नाव, ‘इंटर्न’ हा शब्द, तारीख आणि वेळ घाला. वरिष्ठांनी फोनवर दिलेली ऑर्डर लिहिताना ती कुणी आणि किती वाजता दिली, हे लिहा आणि नंतर त्यांची सही घ्या. ही शिस्त तुमचं रक्षण करते आणि रुग्णाचंही.

नकार द्यायला अवघड वाटत असेल तर साधं वाक्य पुरतं: ‘सर, माझी प्रोव्हिजनल आहे, ही सही मला चालणार नाही. फॉर्म भरून ठेवतो, तुम्ही सही कराल का?’ वरिष्ठांनीही हे ऐकून रागावू नये. इंटर्न तुम्हालाही एका चुकीच्या कागदापासून वाचवत असतो.

५. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पोस्टिंग आहे, मेडिकल ऑफिसर बैठकीला गेलेत आणि गंभीर पेशंट आला. मी हात लावायचा की नाही?

लावायचा. जीव वाचवण्यासाठी लागणारे प्रथमोपचार करताना मागे राहू नका. श्वासमार्ग मोकळा करणं, रक्तस्राव दाबून थांबवणं, ऑक्सिजन, सलाईनची लाइन हे सगळं तुम्ही शिकला आहात. त्याच वेळी दुसऱ्याला फोन करायला लावा: एक मेडिकल ऑफिसरला, एक १०८ ला. सिस्टर आणि एएनएम (सहायक परिचारिका) तिथे वर्षानुवर्षं काम करत असतात, त्यांचं ऐका. नंतर काय केलं आणि कुणाशी बोललात, हे वेळेसकट लिहून ठेवा.

मात्र अशा वेळा वारंवार येत असतील, म्हणजे आठवड्यातले काही दिवस तुम्हीच ओपीडी चालवत असाल, तर ती आणीबाणी नाही. ते देखरेखीशिवाय चाललेलं काम आहे. कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाला लगेच आणि लेखी कळवा. मे २०२१ मध्ये कोविडची दुसरी लाट शिगेला असताना इंटर्नना कोविड ड्युटी द्यायचा निर्णय केंद्राने घेतला, तेव्हाही ‘प्राध्यापकांच्या देखरेखीखाली’ ही अट सोडली नव्हती.

६. (वरिष्ठांचा प्रश्न) देखरेख म्हणजे मी सतत शेजारी उभं राहायचं का? ओपीडीत दीडशे पेशंट असतात.

सतत नाही. पण कधी उभं राहायचं आणि कधी फोनवर असलं तरी चालेल, हे तुम्ही ठरवायचं. ते इंटर्नवर सोडायचं नाही. अनेक चांगल्या युनिट्समध्ये पाळली जाणारी पद्धत अशी. प्रत्येक कामाचे चार टप्पे धरा: पाहिलं, मदत केली, कुणीतरी समोर असताना केलं, एकट्याने केलं आणि नंतर दाखवलं. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी इंटर्नला विचारा की कॅथेटर, टाके, साधी प्रसूती, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी) यांत तो कोणत्या टप्प्यावर आहे. त्याच्या उत्तरावर लगेच विश्वास टाकू नका, एकदा समोर करून घ्या. मग पुढचा टप्पा द्या.

कधी बोलवायचं, हे आधीच ठरवून सांगितलं तर अर्धी देखरेख तिथेच होते. ‘काही वाटलं तर फोन कर’ हे पुरेसं नाही, कारण नवख्याला नेमकं काय वाटायला हवं हेच ठाऊक नसतं. त्याऐवजी सांगा: सिस्टॉलिक (वरचा रक्तदाब) ९० च्या खाली गेलं, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) उतरायला लागलं, पेशंट आधीपेक्षा गुंगीत वाटला, लघवी कमी झाली किंवा नातेवाईक ‘हे नेहमीसारखे नाहीत’ म्हणाले, की मला उठव. आणि उठवलं की ओरडू नका. एकदा ओरडलात की पुढच्या खेपेला तो फोन उशिरा येतो.

दीडशेच्या ओपीडीतही रोज दोन पेशंट पूर्ण पाहता येतात. इंटर्न हिस्टरी घेतो, तपासतो, निदान आणि उपचार सुचवतो. तुम्ही ऐकता, एखादी खूण पुन्हा पाहायला लावता, दोन वाक्यांत दुरुस्त करता. महिन्याभरात त्याची वाढ डोळ्यांना दिसते, आणि सहीच्या वेळी तुमच्याकडे सांगण्यासारखं काही असतं.

७. लॉगबुक शेवटच्या आठवड्यात एकदम भरलं तर चालतं का?

कागदावर चालून जातं, पण ते लॉगबुक राहत नाही. तीन महिन्यांपूर्वी केलेल्या प्रसूतीत पेरिनियम (योनिमार्ग आणि गुदद्वार यांमधला भाग) कसा सांभाळला, टाके कुठे चुकले, कुणी दुरुस्त केलं, हे तेव्हा आठवत नाही. मग सगळ्यांच्या नोंदी एकमेकांसारख्या होतात. त्या वाचून कुणालाही कळतं की ही वही एका बैठकीत लिहिली आहे.

रोज लिहायला वेळ नसेल तर आठवड्यातून एक ठरलेला दिवस ठेवा. एका नोंदीला चार ओळी पुरतात: काय केलं, कोणत्या टप्प्यावर, कोण हजर होतं, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. पेशंटचं नाव घालू नका, वय आणि पेशंटचा रुग्णालयातला नोंदणी क्रमांक पुरे. वरिष्ठांनी सही करताना तारीखही घालावी. आठवड्याच्या आठवड्याला झालेली सही नंतर कुणी प्रश्न विचारला तर टिकते.

८. (वरिष्ठांचा प्रश्न) एक इंटर्न खरंच कमी पडतोय. असमाधानकारक लिहिलं तर मुलाचं वर्ष अडकेल. सही करून टाकू का?

आमचं उत्तर ठाम आहे: नाही.

१९९७ च्या पदवी वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांनी इंटर्नशिपच्या मूल्यमापनाला ० ते ५ ची श्रेणी दिली. त्यांनी ज्ञान, कौशल्य, जबाबदारी, सहकाऱ्यांसोबत काम, पुढाकार यांसारखे निकष वेगवेगळे मोजायला सांगितले आणि ३ पेक्षा कमी म्हणजे असमाधानकारक असं ठरवलं. त्यामागचा विचार आजही योग्य आहे. आपल्या व्यवस्थेत तात्पुरत्या आणि कायम नोंदणीच्या मध्ये तुमच्या सहीशिवाय दुसरी गाळणी नाही. परिषदेचा कारकून कागद तपासतो, माणूस तपासत नाही. त्या मुलाने पेशंटला हात लावताना पाहिलं आहे ते फक्त तुम्ही.

पण ‘नाही’ म्हणायची वेळ शेवटच्या दिवशी येऊ नये. पोस्टिंगच्या मध्यावर एकदा बसून बोला. ‘तू आळशी आहेस’ असं नको, दिसलेली गोष्ट सांगा: ‘गेल्या तीन रात्रींत दोनदा व्हायटल्स (नाडी, रक्तदाब वगैरे) न बघता लिहिले होतेस.’ त्याने काय करायचं, कधीपर्यंत आणि तुम्ही काय मदत करणार, हे ठरवा आणि दोघांच्या सहीने लिहून ठेवा. कमी पडण्याचं कारणही शोधा. कधी तो घरी पैसे पाठवण्यासाठी दुसरीकडे रात्री राबत असतो, कधी भाषा अडते, कधी प्रकृती ठीक नसते. या प्रत्येकावर वेगळा उपाय आहे.

एवढं करूनही सुधारणा नसेल तर ती पोस्टिंग पुन्हा करायला लावा. नियमांत त्याची सोय आहे. काही आठवडे जास्त लागतील, एवढंच. यात त्या मुलाचं नुकसान आहे असं मानू नका. न येणाऱ्या कामाची जबाबदारी अंगावर घेऊन एकट्याने दवाखान्यात बसणं त्याच्यासाठीही भयंकर असतं.

९. उलट अडचण: काम पूर्ण केलं, पण सर सही देत नाहीत, ‘नंतर ये’ म्हणतात. काय करू?

आधी कारण विचारा, शांतपणे आणि एकटे असताना. कामाबद्दल तक्रार असेल तर ती लेखी मागा, म्हणजे दुरुस्त करता येईल. केवळ टाळाटाळ असेल तर कॉलेजच्या इंटर्नशिप समन्वयकाला तारखांसह पत्र द्या आणि प्रत विभागप्रमुखांना द्या. समन्वयक, मग डीन, ही पायरी ओलांडून थेट परिषदेकडे जाऊ नका, कारण इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र संस्थेकडूनच यायचं असतं. प्रश्न ७ मध्ये सांगितलेल्या आठवड्याच्या सह्या झाल्या असतील, तर ही वेळ सहसा येतच नाही.

१०. सुट्टी किती मिळते?

बारा महिन्यांत १५ दिवस, आधी परवानगी घेऊन. त्यापुढचे दिवस भरून काढावे लागतात. बोलीभाषेत ज्याला एक्स्टेन्शन म्हणतात, ते हेच. बाळंतपण आणि मोठं आजारपण यांचे नियम वेगळे, पुढचा प्रश्न पाहा.

११. गरोदर आहे, किंवा मोठ्या आजारातून जाते आहे. वर्ष वाया जाईल का?

वाया जात नाही, लांबतं. मातृत्व रजा प्रचलित नियमांप्रमाणे मिळते आणि पितृत्व रजेचीही तरतूद आहे. दीर्घ आजारासाठी वैद्यकीय मंडळाची शिफारस लागते. परत आल्यावर राहिलेल्या पोस्टिंग पूर्ण करायच्या. रजेवर जाताना झालेल्या प्रत्येक पोस्टिंगची सही पूर्ण करून जा. मधल्या काळात युनिटप्रमुख बदलले तर नव्यांना तुमचं काम माहीत नसतं.

मानसिक आजारालाही हेच लागू आहे. झोप उडाली आहे, रडू थांबत नाही, वॉर्डात पाऊल टाकवत नाही, असं असेल तर गैरहजर राहू नका, सांगा. ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. वरिष्ठांनो, तुमच्यासमोर कुणी हे बोललं तर ते गुपित समजा आणि लॉगबुकात लिहू नका.

१२. पीजीच्या परीक्षेचा अभ्यास करायचाय. मित्र हजेरी लावतो, चालेल ना?

नाही. ही खोटी नोंद आहे, आणि त्याच नोंदीवर तुमची कायम नोंदणी उभी राहणार आहे. उघडकीला आलं तर मित्रही अडकतो. परीक्षेचा ताण किती असतो, ते आम्ही रोज पाहतो. त्यामुळे कॉलेजांनाही सांगणं आहे: नमुने पोहोचवणं, रिपोर्ट आणणं असल्या कामांत इंटर्नचा दिवस संपवू नका. शिकायला मिळतंय असं दिसलं की मुलं वॉर्डात थांबतात.

१३. परदेशातून एमबीबीएसच्या बरोबरीची पदवी घेतली आहे. माझा मार्ग वेगळा का?

सुरुवात वेगळी, शेवट तोच. १८ नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतलेल्यांना त्या वर्षीचे परदेशी वैद्यकीय पदवीधरांचे नियम लागतात: किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि भारतात आणखी १२ महिने. हे सगळं अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून १० वर्षांत बसायला हवं. त्या देशात तिथल्या नागरिकांप्रमाणे व्यवसाय करण्याइतकी पात्रताही हवी. भारतात एफएमजीई (परदेशी वैद्यकीय पदवीधरांची चाळणी परीक्षा) उत्तीर्ण व्हावं लागतं: ३०० प्रश्न, त्यांपैकी १५० बरोबर. त्यानंतर तात्पुरती नोंदणी, मग इथली इंटर्नशिप.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ४ मार्च २०२२ च्या पत्रकात सांगितलं आहे की परदेशी पदवीधरांकडून इंटर्नशिपसाठी शुल्क घेऊ नये आणि त्यांना इथल्या इंटर्नइतकंच विद्यावेतन द्यावं. जागांसाठी महाविद्यालयाच्या मंजूर इंटर्नसंख्येच्या ७.५ टक्के ही मर्यादा आहे, त्यामुळे अर्ज लवकर करा. कोविडच्या किंवा युद्धाच्या काळात काही भाग ऑनलाइन शिकलेल्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या आहेत. तुमच्या वर्षाला लागू असलेली सूचना शोधून अर्जासोबत जोडा. पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के जपून ठेवा.

वरिष्ठांसाठी एक गोष्ट: यांतल्या अनेकांनी परक्या भाषेतल्या रुग्णालयात शिक्षण घेतलेलं असतं आणि पेशंटशी बोलायचा सराव त्यांना कमी मिळालेला असतो. सुरुवातीचे काही आठवडे तुम्ही हिस्टरी घेताना त्यांना शेजारी बसवा. एरवी ही मुलं मेहनतीला मागे पडत नाहीत.

१४. इंटर्नशिप दुसऱ्या कॉलेजात करता येईल का?

दोन्ही महाविद्यालयांची ना-हरकत आणि विद्यापीठाची परवानगी, दोन्ही आधी हातात हवीत. आधी रुजू होऊन नंतर परवानगी मागितली तर तिथले दिवस धोक्यात येतात. घरच्या गावाजवळ जायचं म्हणून घाई करू नका.

१५. कायम नोंदणीच्या अर्जाला कोणते कागद लागतात?

परिषदेच्या पोर्टलवर असलेली यादीच अंतिम समजा. साधारणपणे अंतिम वर्ष उत्तीर्ण झाल्याचा विद्यापीठाचा पुरावा, तात्पुरत्या नोंदणीचं प्रमाणपत्र, डीनच्या सहीचं इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि फोटो लागतात. एक्स्टेन्शन झालं असेल तर पूर्णतेच्या प्रमाणपत्रावर खरी शेवटची तारीख आली आहे ना, हे पाहा. सुरुवातीची तारीख अधिक बारा महिने असं हिशेबाने टाकलेलं प्रमाणपत्र आणि हजेरीपट जुळले नाहीत तर अर्ज थांबतो.

१६. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. लग्नानंतर नावही बदललं. काय करायचं?

इंटर्नशिप संपायची वाट पाहू नका, वर्षाच्या सुरुवातीलाच निस्तरा. नुसता क्रम वेगळा असेल तर बहुतेक वेळा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र पुरतं. नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी किंवा विवाह प्रमाणपत्र लागतं. डॉक्टर म्हणून कोणतं नाव लावायचं, ते आत्ताच ठरवा.

१७. इंटर्नशिप संपली, परमनंट यायला वेळ आहे. तोवर खासगी हॉस्पिटलात नाइट ड्युटी करू का? किंवा फोनवर सल्ला?

दोन्ही नाही. इंटर्नशिप संपली की देखरेखीचं छत्रही गेलं आणि कायम नोंदणीचा अधिकार अजून आलेला नाही. या मधल्या दिवसांत तुम्ही आधीपेक्षाही उघड्यावर असता. ऑनलाइन सल्ल्याबाबत २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: सल्ला नोंदणीकृत डॉक्टरनेच द्यायचा आणि प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक असायला हवा. कुणी ‘आमच्या सरांच्या नावावर लिहा’ म्हणालं तर तिथून निघा. कलम ३४ काय सांगतं, ते प्रश्न १ मध्ये आहे.

१८. कायम नोंदणी एकदा झाली की आयुष्यभराची का?

नाव ‘कायम’ असलं तरी महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट (पुढचं शिक्षण चालू ठेवल्याबद्दल मिळणारे गुण) लागतात. ते शेवटच्या वर्षावर ढकलू नका. याशिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवहीचं पोर्टल सुरू झालं. आधार, एमबीबीएसची पदवी आणि राज्य परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र यांच्या आधारे तिथे अर्ज करायचा असतो.

१९. नोंदणी महाराष्ट्राची, नोकरी दुसऱ्या राज्यात लागली. पुन्हा सगळं करायचं?

इंटर्नशिप पुन्हा करावी लागत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडून ना-हरकत आणि गुड स्टँडिंगचं (तुमच्यावर कारवाई झालेली नाही, अशा अर्थाचं) प्रमाणपत्र घ्या आणि नव्या राज्याच्या परिषदेत अर्ज करा. गुड स्टँडिंग ठरावीक काळापुरतंच ग्राह्य धरलं जातं, त्यामुळे नव्या परिषदेची यादी पाहून, जायच्या थोडंच आधी मागवा.